सातासमुद्रापार निघालेले पिल्लू
परदेशातील नव्या मालकांकडे श्वानपिल्ले पाठविण्याचे नियम व त्यामागील वैद्यकशास्त्र

परदेशी स्थायिक झालेली मुले आणि नातवंडे हा आता सीमाभागातील बहुतेक मराठी कुटुंबांच्या जीवनाचा एक भाग झाला आहे. त्यांच्यासाठी येथून मसाले, लोणची, पुस्तके, देवघरातील मूर्ती जातात. अलीकडे त्या यादीत एका सजीव भेटीची भर पडली आहे. ‘‘मुलाने अमेरिकेत घर घेतले आहे, अंगण मोठे आहे, आपल्याकडचे मुधोळचे एखादे पिल्लू त्याला पाठवता येईल का?’’ असा प्रश्न पशुवैद्यकांना वारंवार विचारला जातो. कित्येकदा तो प्रथम कुटुंबाच्या डॉक्टरांनाच विचारला जातो, कारण घरातील कोणत्याही ‘दाखल्या’साठी त्यांच्याकडे जाण्याची आपली जुनी सवय आहे. म्हणून या विषयाची शास्त्रशुद्ध माहिती डॉक्टरबांधव व इतर वाचक यांच्यापुढे एकत्रितपणे ठेवावी, असा या लेखाचा हेतू आहे.

मुधोळ हे घोरपडे घराण्याच्या संस्थानाचे गाव. आज ते बागलकोट जिल्ह्यात आहे. सडपातळ बांधा, लांब निमुळते तोंड आणि वाऱ्याशी स्पर्धा करणारा वेग असलेल्या तेथील शिकारी श्वानांना राजेसाहेब मालोजीराव घोरपडे यांनी नावारूपास आणले. या श्वानांची एक जोडी त्यांनी इंग्लंडचे राजे पंचम जॉर्ज यांना भेट दिली होती. म्हणजे मुधोळच्या श्वानाने समुद्र ओलांडला त्याला आता बराच काळ लोटला. भारतीय टपाल खात्याने २००५ साली देशी श्वानजातींवर तिकिटे काढली, त्यांत मुधोळचा समावेश होता. मुधोळजवळील तिम्मापूर येथे या जातीच्या संवर्धनासाठी संशोधन केंद्रही आहे. महाराष्ट्रात याच वळणाच्या श्वानाला ‘कारवान’ म्हणतात. अशा श्वानाविषयी परदेशातील आपल्या माणसांना ओढ वाटावी, हे स्वाभाविकच आहे.

तथापि प्रश्नाचे उत्तर प्रथमच स्पष्ट सांगितलेले बरे. दीड-दोन महिन्यांचे, मांडीवर मावणारे गोजिरवाणे पिल्लू भारतातून अमेरिका, ब्रिटन, युरोपीय संघ, जपान किंवा ऑस्ट्रेलिया यांपैकी कोठेही कायदेशीररीत्या जाऊ शकत नाही. जाऊ शकतो तो सहा-सात महिन्यांचा किंवा त्याहून मोठा, वाढत्या अंगाचा श्वान; आणि तोही पुरेशा पूर्वतयारीनंतर. असे का, हे समजले की पुढील सर्व नियम आपोआप उलगडत जातात.

१. नियमांचे मूळ : अलर्करोग

कुत्र्यांच्या आंतरराष्ट्रीय प्रवासावरील बहुतेक निर्बंधांच्या मुळाशी अलर्करोग, म्हणजे रेबीज, हा एकच आजार आहे. लक्षणे दिसू लागल्यानंतर या रोगातून रुग्ण वाचणे जवळजवळ अशक्य असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ५९,००० माणसे या रोगाने दगावतात, आणि माणसाला होणाऱ्या या रोगाचा प्रसार ९९ टक्के वेळा कुत्र्यांमार्फत होतो. भारतातील मृत्यूंचा अलीकडचा अंदाज वर्षाला ५,७०० च्या आसपास आहे. पूर्वीच्या अंदाजांपेक्षा हा आकडा बराच कमी आहे, तरीही टाळता येण्याजोग्या मृत्यूंच्या दृष्टीने तो लाजिरवाणाच म्हणावा लागेल.

याउलट काही देशांनी मोठ्या कष्टाने हा रोग आपल्या भूमीवरून हद्दपार केला आहे. ब्रिटनने मुसक्यांची सक्ती, भटक्या कुत्र्यांवर नियंत्रण आणि बंदरावरील सक्तीचे विलगीकरण यांच्या बळावर १९०२ साली तो नाहीसा केला. पहिल्या महायुद्धानंतर परतणाऱ्या सैनिकांनी लपवून आणलेल्या कुत्र्यांबरोबर १९१८ साली तो पुन्हा शिरला आणि त्याचे दुसऱ्यांदा उच्चाटन होण्यास १९२२ साल उजाडले. जपानमध्ये १९५७ नंतर देशांतर्गत अलर्करोग आढळलेला नाही. ऑस्ट्रेलियात श्वानजन्य अलर्करोग कधी मूळ धरू शकला नाही. एखाद्या घरी आलेले एक पिल्लू अशा देशाच्या अनेक दशकांच्या श्रमांवर पाणी फिरवू शकते. त्यामुळे तेथील अधिकाऱ्यांचा कठोरपणा समजून घेतला पाहिजे.

या रोगाचा सर्वांत फसवा गुण म्हणजे त्याचा अधिशयन काळ. विषाणू चाव्याच्या जागेपासून मज्जातंतूंच्या मार्गाने मेंदूकडे सरकत असतो, आणि या प्रवासास काही आठवड्यांपासून अनेक महिन्यांपर्यंत अवधी लागू शकतो. त्या काळात प्राणी खातो, खेळतो, शेपूट हलवितो. सर्व दृष्टींनी निरोगी दिसतो. १९६९ साली इंग्लंडमधील कॅम्बर्ली येथे जर्मनीहून आणलेला एक कुत्रा सहा महिन्यांचे विलगीकरण पूर्ण करून घरी आला आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत पिसाळला. १९७० साली न्यूमार्केट येथे पाकिस्तानातून आणलेल्या एका कुत्रीची गतही विलगीकरणानंतर तशीच झाली. केवळ कोंडून ठेवण्यावर विसंबणे पुरेसे नाही, हा धडा त्यातून मिळाला. पुढे २००० सालापासून ब्रिटनने लसीकरण आणि रक्ततपासणी यांवर आधारलेली पद्धत सुरू केली. आज जगभर थोड्याफार फरकाने हीच पद्धत चालते.

२. बारा आठवडे, तीस दिवस, तीन महिने

नियमावलीतील हे तीन आकडे वरवर पाहता प्रशासकीय वाटतात. प्रत्यक्षात तिन्हींच्या पाठीशी प्रतिकारशास्त्र उभे आहे.

पहिला आकडा बारा आठवड्यांचा. नवजात पिल्लाला आईच्या चिकातून प्रतिपिंडे मिळतात. हे उसने संरक्षण पहिल्या काही आठवड्यांत उपयोगी पडते, परंतु तेच लसीच्या आड येते. आईकडून आलेली प्रतिपिंडे लसीतील प्रतिजनाला निष्प्रभ करतात आणि पिल्लाची स्वतःची प्रतिकारशक्ती जागी होत नाही. बालरोगतज्ज्ञांना हे सांगण्याची गरज नाही. गोवराची लस जन्मतः न देता नवव्या महिन्यात देण्यामागे हेच कारण आहे. पिल्लांमध्ये हा अडथळा साधारण बारा आठवड्यांपर्यंत ओसरतो. म्हणून त्यापूर्वी टोचलेली अलर्करोगाची लस आंतरराष्ट्रीय प्रवासासाठी ग्राह्य धरली जात नाही.

दुसरा आकडा तीस दिवसांचा. लस टोचल्यानंतर रक्तातील प्रतिपिंडांची पातळी चढण्यास वेळ लागतो. म्हणून रक्तनमुना लसीनंतर किमान तीस दिवसांनी घ्यावयाचा असतो. त्यात दर मिलिलिटरला किमान ०.५ आंतरराष्ट्रीय एकक इतकी उदासीनकारी प्रतिपिंडे आढळली पाहिजेत. ही तपासणी ज्या देशात जावयाचे आहे त्या देशाने मान्यता दिलेल्या प्रयोगशाळेतच करावी लागते. आपल्या शहरातील प्रयोगशाळा कितीही चांगली असली, तरी ती त्या यादीत नसेल तर तिच्या अहवालाचा उपयोग नाही.

तिसरा आकडा तीन महिन्यांचा, आणि तोच लोकांना सर्वाधिक खटकतो. ‘‘प्रतिपिंडे पुरेशी आहेत असा अहवाल आला, मग आणखी थांबायचे कशासाठी?’’ हा प्रश्न रास्त आहे. उत्तर असे की, लस टोचण्यापूर्वीच पिल्लाला संसर्ग झाला असेल तर ती शंका रक्ततपासणीने फिटत नाही. विषाणू मज्जातंतूंत शिरल्यानंतर दिलेली लस रक्तात प्रतिपिंडे निर्माण करील, अहवालही उत्तम येईल, आणि तरीही रोग आतून पुढे सरकत राहील. अशा प्राण्यात लक्षणे उघड होण्यास वाव मिळावा, तीही त्याच्या मूळ देशातच, यासाठी हा प्रतीक्षाकाळ आहे. लस पुढील संसर्गापासून वाचविते. मागील संसर्गाची शंका केवळ काळ फेडतो.

३. ओळखीचा प्रश्न : मायक्रोचिप

एकाच वेताची चार पिल्ले शेजारी ठेवली तर मालकालाही कधी कधी ओळखता येत नाहीत. मग लसीकरणाचा कागद नेमका कोणत्या पिल्लाचा, हे परदेशातील अधिकाऱ्याने कसे ठरवावे? यासाठी तांदळाच्या दाण्याएवढी मायक्रोचिप मानेमागे दोन्ही खांद्यांच्या मधोमध कातडीखाली सुईने बसविली जाते. तिच्यात बॅटरी नसते. वाचक-यंत्र जवळ आणले की त्याच्या लहरींवर ती जागी होते आणि आपला पंधरा अंकी क्रमांक सांगते. ही चिप आयएसओ ११७८४ व ११७८५ या मानकांनुसार असावी लागते.

येथे क्रमाला महत्त्व आहे. प्रथम चिप, नंतर लस. दोन्ही एकाच दिवशी झाल्या तरी चालते. मात्र लस आधी आणि चिप नंतर बसविली असल्यास ती लस त्या प्राण्याची मानली जात नाही व सर्व प्रक्रिया पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरू करावी लागते. हा क्रम चुकल्यामुळे कुटुंबाचे चार-पाच महिने वाया जातात. लस टोचण्यापूर्वी चिप वाचून क्रमांक नोंदविणे, लसीच्या कुपीवरील गट क्रमांकाची चिठ्ठी पुस्तिकेत चिकटविणे आणि दिनांक सुवाच्य लिहिणे, एवढी काळजी घेतली तर हा प्रसंग येत नाही.

४. ‘सोबत नेणे’ आणि ‘नव्या मालकाला पाठविणे’

बहुतेक लोक येथे गफलत करतात. स्थलांतर करणाऱ्या कुटुंबाने आपला पाळीव कुत्रा बरोबर नेणे ही एक गोष्ट. विकत घेणाऱ्या, दत्तक घेणाऱ्या किंवा भेट स्वीकारणाऱ्या नव्या माणसाकडे पिल्लू पाठविणे ही कायद्याच्या नजरेत वेगळी गोष्ट. युरोपीय संघ आणि ब्रिटन यांच्या नियमांनुसार पाळीव प्राण्याची सवलत मिळण्यासाठी प्रवासाचा हेतू विक्री किंवा मालकीचे हस्तांतरण हा असता कामा नये, प्राण्यांची संख्या सर्वसाधारणपणे पाचांहून अधिक नसावी आणि मालकाचा प्रवास त्याच्या आगेमागे पाच दिवसांच्या आत झालेला असावा. यांपैकी एक अट मोडली की ती व्यापारी आयात ठरते. मग मुळात त्या प्रकारच्या आयातीस आपला देश पात्र आहे की नाही येथपासून विचार करावा लागतो. पैसे घेतले नाहीत एवढ्याने सुटका होत नाही. ‘मी माझ्या भाच्याला प्रेमाने देतो आहे’ हे घरात खरे असले, तरी मालकी बदलते, आणि कायदा नेमके तेच पाहतो.

यावरून एक व्यावहारिक सूचना निघते. पिल्लू खरोखर मुलासाठी असेल, तर मुलानेच भारतात येऊन ते स्वतःच्या नावावर घ्यावे, पूर्वतयारीच्या काळात घरच्यांनी त्याचा सांभाळ करावा आणि नेण्याच्या वेळी मुलाने पुन्हा येऊन ते बरोबर न्यावे. हा मार्ग खर्चिक आहे. तथापि तो सरळ आहे. त्यातही त्या देशाच्या दूतावासाकडून किंवा संबंधित खात्याकडून आधी खातरजमा करून घेणे आवश्यक आहे.

५. देशोदेशींचे नियम

युरोपीय संघ व ब्रिटन : भारत त्यांच्या सवलतीच्या यादीत नाही. म्हणून चिप, बारा आठवड्यांनंतर लस, तीस दिवसांनी रक्तनमुना आणि नमुन्याच्या दिनांकापासून तीन महिन्यांची प्रतीक्षा, हा संपूर्ण क्रम पाळावा लागतो. ब्रिटनमध्ये प्रवेशापूर्वी २४ ते १२० तासांच्या दरम्यान पट्टकृमींवरील औषध पशुवैद्यकाकडून देऊन त्याची वेळेसह नोंद करावी लागते. एकायनोकॉकस मल्टिलॉक्युलॅरिस हा माणसाच्या यकृतात घातक गाठी निर्माण करणारा कृमी आपल्या बेटावर येऊ नये, हा त्यामागील हेतू आहे. पिट बुल, जपानी टोसा आणि अलीकडे एक्सएल बुली अशा काही जातींवर तेथे स्वतंत्र बंदी आहे.

अमेरिका : १ ऑगस्ट २०२४ पासून तेथे येणारा प्रत्येक कुत्रा किमान सहा महिन्यांचा आणि चिप बसविलेला असला पाहिजे, तसेच रोग नियंत्रण केंद्राच्या अर्जाची पावती सोबत असली पाहिजे. भारत अलर्करोगाच्या दृष्टीने जोखमीच्या देशांत गणला जातो. त्यामुळे येथे लस दिलेल्या कुत्र्यासाठी विहित नमुन्यातील लस व चिपचा दाखला लागतो. तो पशुवैद्यकाने भरावयाचा आणि शासकीय पशुवैद्यकीय अधिकाऱ्याने प्रमाणित करावयाचा असतो. नोंदणीकृत प्राणीनिगा केंद्र असलेल्या मोजक्या विमानतळांवरूनच प्रवेश मिळतो. तेथे आधी जागा राखून ठेवावी लागते, तपासणी होते आणि लस पुन्हा टोचली जाते. मान्य प्रयोगशाळेचा रक्त अहवाल नसेल तर त्या केंद्रात २८ दिवसांचे विलगीकरण अटळ आहे. विक्री किंवा दत्तक यासाठी येणाऱ्या कुत्र्यांना याखेरीज अमेरिकेच्या कृषी खात्याचे वेगळे नियम लागू होतात.

कॅनडा : २८ सप्टेंबर २०२२ पासून जोखमीच्या देशांतून, आणि त्यात भारत आहे, व्यापारी वर्गातील कुत्री आणण्यास बंदी आहे. या वर्गात विक्रीबरोबर दत्तक, पैदास आणि प्रदर्शन हेही हेतू येतात. येथून कॅनडातील अनोळखी ग्राहकाला पिल्लू विकतो असे कोणी म्हणत असेल, तर तो स्वतः अज्ञानात आहे किंवा दुसऱ्याला अज्ञानात ठेवीत आहे.

जपान : पहिली लस ९१ दिवसांच्या वयानंतर, दुसरी त्यानंतर किमान ३० दिवसांनी, मग रक्तनमुना, आणि नमुन्यापासून १८० दिवसांची प्रतीक्षा. पोहोचण्याच्या किमान ४० दिवस आधी सूचना द्यावी लागते. सर्व कागद चोख असतील तर विमानतळावरील तपासणी १२ तासांच्या आत आटोपते. त्रुटी असल्यास १८० दिवसांपर्यंत विलगीकरण होऊ शकते.

ऑस्ट्रेलिया : भारतातून तेथे कुत्रा थेट नेता येत नाही. त्याला प्रथम ऑस्ट्रेलियाने मान्यता दिलेल्या एखाद्या देशात न्यावे लागते, आणि तेथील पूर्तता झाल्यावर पुढचा प्रवास होतो. अखेरीस मेलबर्नजवळील मिकलहॅम येथील शासकीय केंद्रात विलगीकरण असतेच. २०१५ साली जॉनी डेप या प्रख्यात अभिनेत्याचे दोन लहान कुत्रे खासगी विमानातून न कळविता तेथे नेण्यात आले, तेव्हा सरकारने ते परत पाठविण्यास भाग पाडले. कीर्ती आणि संपत्ती यांचा तेथे काही उपयोग झाला नाही.

दक्षिण आफ्रिका : या देशाचा भर रक्तातील इतर रोगांवर आहे. ब्रुसेला कॅनिस, ट्रिपॅनोसोमा इव्हान्सी, बबेसिया गिब्सोनी, हृदयकृमी आणि लीशमॅनिया या पाच तपासण्या निर्दोष असाव्या लागतात. गोचिडांमार्फत पसरणारा बबेसिया आपल्या भागातील कुत्र्यांत वरचेवर आढळतो, हे लक्षात घेता ही अट सोपी नाही.

६. एका पिल्लाचे वेळापत्रक

१ जानेवारीला जन्मलेले एक पिल्लू डोळ्यांसमोर ठेवू. २६ मार्च रोजी ते ८४ दिवसांचे, म्हणजे बारा आठवड्यांचे होते. त्या दिवशी प्रथम चिप व नंतर लस. २५ एप्रिल रोजी रक्तनमुना. अहवाल समाधानकारक आला तर २५ जुलैपासून युरोप किंवा ब्रिटनचे दार उघडते. तोवर पिल्लू पावणेसात महिन्यांचे झालेले असते. अमेरिकेसाठी सहा महिन्यांची अट १ जुलैला पुरी होते. जपानसाठी पहिली लस २ एप्रिल, दुसरी लस व रक्तनमुना २ मे आणि प्रवेश २९ ऑक्टोबर. म्हणजे जवळजवळ दहा महिने.

हे सर्व एकही दिवस न दवडता साधले तर. प्रयोगशाळेचा विलंब, नमुन्याची बिघडलेली वाहतूक किंवा अपुरी प्रतिपिंडे यांमुळे मुदत लांबते. दिवाळीत आलेल्या पाहुण्यांनी नाताळपर्यंत पिल्लू घेऊन जाण्याचा बेत करणे का निरर्थक आहे, ते या हिशेबावरून कळेल.

७. आपल्या देशातील कार्यवाही

भारतात आठ आठवड्यांहून लहान पिल्लाच्या विक्रीस २०१७ च्या श्वानप्रजनन व विक्री नियमांनुसार मनाई आहे. म्हणून पिल्लू घेतानाच नोंदणीकृत प्रजनकाकडून आणि योग्य वयाचे घ्यावे. निर्यातीचा आरोग्य दाखला केंद्र शासनाच्या पशुसंवर्धन खात्याखालील पशु विलगीकरण व प्रमाणन सेवा देते. तिची केंद्रे दिल्ली, मुंबई, चेन्नई, कोलकाता, हैदराबाद आणि बंगळूर येथे आहेत. बेळगावकरांना मुंबई किंवा बंगळूर गाठावे लागते. खासगी पशुवैद्यकाचे प्रकृतिप्रमाणपत्र, लसीकरण पुस्तिका, चिपचा दाखला, रक्त अहवाल आणि मालकाच्या पारपत्राची प्रत ही कागदपत्रे तयार ठेवावीत. व्यापारी पाठवणी असेल तर आयात-निर्यात संकेतांकही लागतो. विमान ज्या देशात बदलायचे आहे त्याचे संक्रमणविषयक नियम वेगळे पाहावेत. ते न पाहिल्याने मधल्याच विमानतळावर प्राणी अडकून पडतो.

८. प्रवासातील आरोग्य

विमानातील पेटीचे माप आंतरराष्ट्रीय हवाई वाहतूक संघटनेच्या नियमांनुसार असते. नाकाच्या टोकापासून शेपटीच्या मुळापर्यंतची लांबी आणि कोपराच्या उंचीचा निम्मा भाग यांची बेरीज म्हणजे पेटीची लांबी. खांद्यांच्या रुंदीची दुप्पट म्हणजे रुंदी. उभ्या श्वानाच्या उंचीत अंथरुणाची जाडी मिळविली की उंची. प्राण्याला सरळ उभे राहता, वळता आणि निजता आले पाहिजे, हे त्याचे सार. मुधोळसारख्या उंच, लांब पायांच्या श्वानाची पेटी बरीच मोठी होते व भाडेही त्याप्रमाणे वाढते.

गुंगीचे औषध देऊन पाठविण्याचा आग्रह पुष्कळजण धरतात. तो मानू नये. गुंगीत रक्तदाब आणि शरीराचे तापमान यांवरील नियंत्रण ढळते, तोल जातो, आणि विमानाच्या पोटात त्याच्याकडे पाहणारे कोणी नसते. पग व बुलडॉग यांसारख्या चपट्या नाकाच्या जातींना उष्म्याने श्वास कोंडण्याचा धोका अधिक असल्याने कित्येक विमान कंपन्या त्यांना नेतच नाहीत. निघण्यापूर्वी काही आठवडे पेटी घरात उघडी ठेवून पिल्लाला तिच्यात झोपण्याची सवय लावणे, हा सर्वांत निर्धोक उपाय होय.

९. एका खोट्या दिनांकाची किंमत

या विषयाचा गाभा येथे आहे. वय दोन महिन्यांनी वाढवून लिहा, लसीचा दिनांक मागचा घाला, अशा विनंत्या सर्वत्र होतात. विनंती करणारे लोक गुन्हेगार नसतात. मुलाच्या विमानाचे तिकीट काढलेले असते, नातवंडे वाट पाहत असतात. परंतु एका दिनांकाने काय घडते याची उदाहरणे नोंदलेली आहेत.

२००४ साली मोरोक्कोतून बेकायदा आणलेले एक पिल्लू फ्रान्समधील बोर्दो परिसरात पिसाळले. पावणेदोनशेहून अधिक लोकांना प्रतिबंधक उपचार घ्यावे लागले. २००८ साली श्रीलंकेहून ब्रिटनमध्ये आणलेले एक पिल्लू विलगीकरण केंद्रातच अलर्करोगाने मेले. ते केंद्र नसते तर ते एखाद्या घरात मेले असते. २०१२ साली मोरोक्कोहून आलेल्या पिल्लाने ॲम्स्टरडॅममध्ये तोच प्रसंग आणला. २०१५ साली इजिप्तहून अमेरिकेत आलेल्या एका पिसाळलेल्या कुत्र्याचे लसीकरण प्रमाणपत्र खोटे असल्याचे उघड झाले. जून २०२१ मध्ये अझरबैजानहून ३३ कुत्री अमेरिकेत आली. लसीकरणाचे दाखले सोबत होते. तरीही त्यांतील एकाला पेनसिल्व्हेनियात अलर्करोग झाला आणि बाकीच्यांपैकी अनेकांच्या रक्तात पुरेशी प्रतिपिंडे आढळली नाहीत. पुढच्याच महिन्यात अमेरिकेने जोखमीच्या देशांतून येणाऱ्या कुत्र्यांवर तात्पुरती बंदी घातली. कॅनडातही २०२१ व २०२२ मध्ये इराणहून आणलेल्या दोन कुत्र्यांत रोग निघाला व त्यानंतर वर उल्लेखिलेली बंदी आली.

आज प्रामाणिक माणसाला जे जाचक वाटते, त्याचा बराच भाग कोणाच्या तरी अप्रामाणिक सहीतून जन्मला आहे. खोट्या दाखल्याने एका कुटुंबाची सोय होते; शिक्षा मात्र त्या देशातील सर्वांना, नियम पाळणाऱ्यांनाही, भोगावी लागते. आणि त्या पिल्लाला प्रथम कुशीत घेणारे ते ज्यांच्यासाठी पाठविले तेच नातवंड असते.

१०. डॉक्टरांसाठी चार शब्द

पिल्लू लहान आहे, घरचे आहे, दात नुसता लागला, म्हणून उपचार टाळणारे रुग्ण आपल्या सर्वांच्या पाहण्यात असतात. लसीच्या वयाखालील पिल्लू हे संरक्षणाविना असते, आणि त्याच्या आईविषयी पुष्कळदा काहीच ठाऊक नसते. पिल्लाच्या चाव्याला मोठ्या कुत्र्याच्या चाव्याइतकेच गंभीर मानावे. जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुणे, लस ताबडतोब सुरू करणे, आणि कातडी फाटून रक्त आले असल्यास जखमेत इम्युनोग्लोब्युलिन देणे, यांत विलंब नको. कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवावे, परंतु त्या दहा दिवसांसाठी उपचार थोपवू नयेत. परदेशी जाणाऱ्या कुटुंबाने पिल्लाबाबत विचारल्यास वरील वेळापत्रक दाखवावे व त्यांना पशुवैद्यकाकडे पाठवावे. दाखल्याच्या कामी रदबदली मात्र करू नये.

समारोप

आपल्या देशाचे नाव जोखमीच्या यादीत कायमचे लिहिलेले नाही. बेळगावहून घाट उतरला की गोवा लागते. त्या राज्यात २०१३ ते २०१९ या काळात अलर्करोग निर्मूलनाचा पद्धतशीर कार्यक्रम राबविला गेला. ७० टक्के व्याप्ती गाठत ९५,००० हून अधिक कुत्र्यांना लस देण्यात आली, कुत्र्यांतील रोगाचे मासिक प्रमाण ९२ टक्क्यांनी घटले आणि माणसांचे मृत्यू थांबले. त्यासाठी नवे शास्त्र शोधावे लागले नाही; लस, नोंद आणि सातत्य यांवरच ते काम उभे राहिले. कुत्र्यांमुळे होणारा अलर्करोग २०३० पर्यंत संपविण्याचे राष्ट्रीय उद्दिष्टही आपल्यापुढे आहे.

मुधोळचे पिल्लू परदेशी धाडण्याची इच्छा असणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने ते जाईपर्यंतच्या सहा-सात महिन्यांत आपल्या गल्लीतील कुत्र्यांच्या लसीकरणासही हातभार लावावा, अशी विनंती करून हा लेख पुरा करतो. पिल्लू जाईल तेव्हा जाईल. गल्लीतील मुले येथेच राहणार आहेत.